वीज दूर पडली तरी मोटार का जळते?

(मारेगाव, जि. यवतमाळ येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



मृगाच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, "वीज तर नाल्यापलीकडे पडली, मग माझ्या विहिरीवरची मोटार कशी जळली?" दुसरी, "स्टार्टर चांगला होता, फ्यूज होता, तरी वाइंडिंग गेले कसे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोघांचे उत्तर एकच आहे.

मी कृषिविद्या शिकवतो. तेव्हा विजेच्या तारांवर मी का बोलावे, असे आपणास वाटेल. परंतु या प्रकरणात तीन गोष्टी असतात: आकाशातील वीज, खांबावरची तार आणि खालची जमीन. पहिल्या दोन गोष्टी अभियंत्यांच्या आहेत, तिसरी तुमच्या-आमच्या विषयाची आहे. आणि नुकसान होईल की टळेल, हे बऱ्याच वेळा या तिसऱ्या गोष्टीवर ठरते.

मोटार जळणे म्हणजे केवळ रिवाइंडिंगचा खर्च नव्हे. पावसाने ताण दिला असताना पऱ्हाटीला पाणी द्यायच्या वेळीच, किंवा परतीच्या विजांनंतर हरभऱ्याच्या ओलिताच्या तोंडावर मोटार गेली, तर आठ-दहा दिवस पीक तहानलेले राहते. डीपी जळाली तर त्या डीपीवरचे सगळेच शेतकरी थांबतात. म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा.

वीज पडते म्हणजे काय होते?

वादळी ढगात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात. साधारणपणे ढगाच्या खालच्या भागात ऋणभार साठतो. तो असह्य झाला की हवेतून वाट काढत खाली येतो, जमिनीवरील एखाद्या उंच वस्तूशी त्याची गाठ पडते आणि क्षणात प्रचंड प्रवाह वाहतो. स्वित्झर्लंडमधील सान साल्वातोरे डोंगरावर मनोरे उभारून कार्ल बर्गर या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकापासून अनेक वर्षे हा प्रवाह मोजला. त्यातून पहिल्या झोताचा मधला आकडा सुमारे ३० हजार अँपिअर असा निघाला. पाच अश्वशक्तीची मोटार सात-आठ अँपिअर घेते, यावरून कल्पना करावी. काही विजांत हा प्रवाह लाखाच्याही वर जातो. मात्र हा खेळ फार थोडा वेळ चालतो. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील पन्नास-शंभर भागांत मुख्य झोत संपतो.

आता वीज थेट तारेवर पडली तर काय होते ते पाहू. प्रवाह दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा वाटला जातो. अशा क्षणिक लाटेला खांबावरची तार सुमारे ४०० ओहम इतका अडथळा करते. १५ हजार अँपिअर गुणिले ४०० म्हणजे ६० लाख व्होल्ट. हे ११ हजार व्होल्टची कोणतीही लाइन सोसू शकत नाही. सुदैवाने अशी थेट वीज क्वचित पडते. आपल्या भागातील बरेचसे नुकसान दुसऱ्या प्रकाराने होते.

न शिवता बसणारा झटका

जमिनीवर वीज पडते तेव्हा तिच्या भोवती क्षणभर जबरदस्त विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र पसरते. त्या क्षेत्राच्या टप्प्यात जी लांब तार असेल तिच्यात, वीज तिला न शिवताही, व्होल्टेज निर्माण होते. विहिरीत धोंडा टाकल्यावर लाटा काठापर्यंत येतात, धोंडा काठाला लागत नाही, तसेच हे आहे. तारेत उठलेली लाट दोन्ही दिशांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने धावते.

ही लाट किती मोठी असेल? प्रत्येक लाइनवर वीज पडण्याची वाट पाहून हे कळणार नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचे गणित मांडले. स्वीडनमधील सुने रुस्क यांनी १९५८ साली एक सोपे सूत्र दिले. पुढे १९८० साली अगरवाल, प्राइस आणि गुरबक्षाणी यांनी अधिक बारकाईची पद्धत मांडली आणि आज संगणकावर ती जगभर वापरतात. रुस्क यांचे सूत्र ढोबळमानाने असे आहे:

व्होल्टेज = ३९ × विजेचा प्रवाह (अँपिअर) × तारेची उंची (मीटर) ÷ वीज पडल्याचे अंतर (मीटर)

तार ८ मीटर उंच आणि वीज ३० हजार अँपिअरची धरली, तर हिशेब असा येतो:

वीज ७५ मीटरवर पडल्यास सुमारे १ लाख २५ हजार व्होल्ट
१०० मीटरवर पडल्यास सुमारे ९४ हजार व्होल्ट
२०० मीटरवर पडल्यास सुमारे ४७ हजार व्होल्ट
५०० मीटरवर पडल्यास सुमारे १९ हजार व्होल्ट

यापेक्षा फार जवळ, म्हणजे चाळीस-पन्नास मीटरच्या आत येणारी वीज बहुधा तारेवरच ओढली जाते.

आता सोसण्याची ताकद पाहा. ११ हजार व्होल्टच्या लाइनवरचे ट्रान्सफॉर्मर अशा क्षणिक लाटेचे साधारण ७५ ते ९५ हजार व्होल्ट सोसतील असे बनवतात. आपल्या ४१५ व्होल्टच्या बाजूची उपकरणे मात्र जेमतेम चार ते सहा हजार व्होल्ट सोसतात आणि इलेक्ट्रॉनिक पॅनेल, ऑटो स्विच वगैरे तर त्याहूनही कमी. लघुदाब वाहिनीचा न्यूट्रल जागोजाग जमिनीत उतरवलेला असेल तर वरचे आकडे बरेच कमी होतात, तरीही ते मोटारीला जड जातात. म्हणजे अर्धा किलोमीटर दूर, नाल्यापलीकडे पडलेली वीजही मोटारीचा घास घेऊ शकते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

फ्यूज का वाचवत नाही?

फ्यूज तार गरम होऊन वितळते. त्याला सेकंदाचा शंभरावा भाग तरी लागतो. तेवढ्या वेळात विजेची लाट येऊन, काम करून निघून गेलेली असते. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले तर त्याहून सावकाश चालतो. ही साधने ज्यादा प्रवाहासाठी आहेत, क्षणिक ज्यादा व्होल्टेजसाठी नाहीत.

लाट वाइंडिंगच्या एनॅमलला सुईच्या टोकाएवढे छिद्र पाडते. त्या छिद्रातून मग आपल्या लाइनचाच प्रवाह वाहू लागतो आणि मोटार जळते. कधी छिद्र इतके बारीक असते की मोटार दोन-चार दिवस चालते आणि मग बसते. वीज सोमवारी पडते, मोटार गुरुवारी जाते आणि दोष व्होल्टेजला दिला जातो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, लाट लाइनच्या शेवटी पोचली की तिला पुढे वाट नसते. पाटाचे दार एकदम बंद केले की पाणी दाराशी उसळते, तशी ती तिथे जवळजवळ दुप्पट होते. म्हणून लाइनच्या टोकावरची डीपी आणि शेवटच्या विहिरीवरची मोटार अधिक धोक्यात असते. दोन, बोअरमधील सबमर्सिबल मोटार पाण्यात बुडालेली असते, म्हणजे जमिनीशी तिचा उत्तम संबंध असतो. लाट जमिनीकडे जायला वाट शोधत असते आणि तिला ती वाट मोटारीच्या वाइंडिंगमधूनच मिळते.

मोठ्या टॉवर लाइनची गोष्ट वेगळी

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. तिथल्या वीजनिर्मितीमुळे विदर्भात उच्चदाब वाहिन्यांचे जाळे दाट आहे. चंद्रपूर ते पडघे ही ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी तर ७५२ किलोमीटर लांब आहे. अशा लाइनच्या इन्सुलेटरच्या माळा लाखो व्होल्ट सोसतात. त्यामुळे दूरच्या विजेची लाट त्यांचे काही बिघडवत नाही. त्यांना भीती थेट विजेची. म्हणून टॉवरच्या डोक्यावर एक जादा तार असते, ती वीज अंगावर घेते आणि टॉवरच्या पायातून जमिनीत सोडते.

इथे जमीन कामाला येते. पायाचा जमिनीशी अडथळा १० ओहम असेल, तर ३० हजार अँपिअरला टॉवरवर ३ लाख व्होल्ट चढतात. २२० किलोव्होल्टची लाइन ते सहज पचवते. अडथळा ५० ओहम झाला तर तेच १५ लाख होतात आणि वीज टॉवरवरून उलटी तारेवर उडी घेते. लाइन बंद पडते. म्हणून ज्यांच्या वावरात टॉवर आहे त्यांनी पायाशी पुरलेली पट्टी किंवा तार नांगराने उकरू नये, पायाची माती खरवडू नये. विजा चमकत असताना टॉवरखाली थांबू नये आणि त्याच्या पायाला जनावर बांधू नये.

अर्थिंग आणि आपली जमीन

लाटेला मोटारीपेक्षा सोपी वाट दिली की ती त्या वाटेने जाते. ही वाट म्हणजे अर्थिंग. तीन मीटर लांब आणि ४० मिलिमीटर जाडीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप उभा पुरला, तर वेगवेगळ्या जमिनीत अडथळा साधारण असा येतो: ओल्या काळ्या भारी जमिनीत ६ ओहम, मध्यम जमिनीत २९ ओहम आणि कोरड्या मुरमाड किंवा बरड जमिनीत १४० ओहमपर्यंत. पाइप एकच, पण फरक वीसपटीहून अधिक. शिवाय जमीन वीज वाहून नेण्यास जितकी कमजोर, तितकी तारेतील लाट रुस्क यांच्या सूत्रापेक्षा मोठी उठते. म्हणजे बरड जमिनीवर दुहेरी संकट आहे.

मग काळ्या जमिनीच्या शेतकऱ्याने निर्धास्त राहावे काय? नाही. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. ते पाण्याने फुगते आणि वाळल्यावर आकसते. मे महिन्यात काळ्या वावराला मीटरभर खोल भेगा पडतात हे आपण जाणता. त्याच वेळी पाइपाभोवतीची माती आकसून पाइपापासून सुटते. पाइप जागेवर असतो पण मातीला चिकटलेला नसतो. आणि मृगापूर्वीच्या विजा नेमक्या याच वेळी येतात. वर्षातील सर्वांत कमजोर अर्थिंग आणि सर्वांत जोरदार विजा यांची गाठ पडते.

यासाठी पुढीलप्रमाणे काम करावे.

१. पाइप अडीच ते तीन मीटर खोल घालावा. वरच्या भेगांच्या थराखालची ओल त्याला मिळाली पाहिजे. अर्धा-एक मीटर ठोकलेली सळई उन्हाळ्यात निरुपयोगी असते.

२. जागा ओलाव्याची निवडावी. पाण्याच्या पाटाजवळ किंवा विहिरीचे पाणी सांडते तिथे अर्थिंग करावे.

३. मुरमाड जमिनीत खड्डा घेऊन पाइपाभोवती काळी चिकण माती चोपून भरावी. बाजारात अर्थिंगसाठी मिळणारे बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः हेच माँटमोरिलोनाइट होय. ते पाणी धरून ठेवते. मीठ घातल्याने अडथळा उतरतो हे खरे, परंतु ते पावसाने वाहून जाते, पाइप गंजवते आणि जवळच्या मातीलाही बाधते. म्हणून मिठावर विसंबू नये.

४. एप्रिलपासून पाऊस स्थिरावेपर्यंत आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतावे. या कामाला पैसा लागत नाही आणि फायदा सर्वांत मोठा आहे.

५. एका पाइपाने भागत नसेल तर पाइपाच्या लांबीपेक्षा अधिक अंतरावर दुसरा पुरून दोन्ही जोडावेत.

६. पॅनेलपासून अर्थिंगपर्यंतची तार आखूड आणि सरळ असावी. विजेच्या लाटेला तारेचा प्रत्येक मीटर जड जातो. प्रवाह एकदम चढत असताना एका मीटरला हजारो व्होल्ट पडतात. तारेचे वेटोळे करून ठेवणे म्हणजे वाट अडवणे होय.

सर्ज अरेस्टर

अर्थिंग ही वाट झाली. त्या वाटेचे दार म्हणजे अरेस्टर. डीपीवर ११ हजार व्होल्टच्या बाजूला तीन लायटनिंग अरेस्टर असतात, त्यांना लाइनमन एल.ए. म्हणतात. आजच्या अरेस्टरमध्ये जस्ताच्या ऑक्साइडच्या चकत्या असतात. आपल्या जमिनीत जस्ताची कमतरता असली की आपण झिंक सल्फेट देतो, तेच हे जस्त. नेहमीच्या व्होल्टेजला ही चकती जवळजवळ बंद असते, लाट आली की क्षणात उघडते, लाट जमिनीत सोडते आणि पुन्हा बंद होते.

मोटारीच्या पॅनेलमध्येही असे छोटे साधन बसवता येते. त्याला सर्ज प्रोटेक्टर म्हणतात. ते टाइप-२ प्रकारचे, निदान २० हजार अँपिअरचे आणि सतत ३२० ते ३८५ व्होल्ट सोसणारे घ्यावे. तिन्ही फेज आणि न्यूट्रल यांना ते हवे. त्याच्या जोडतारा अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसाव्यात. सबमर्सिबल असल्यास बोअरचा लोखंडी केसिंग पाइप पॅनेलच्या अर्थिंगला जोडावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. अर्थिंग नसताना सर्ज प्रोटेक्टर बसवणे म्हणजे पाट न काढता दार बसवण्यासारखे आहे.

ज्यांच्याकडे सौर पंप आहे त्यांनी संचासोबत आलेला वीजरोधक आणि अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, जोडणीचे नट-बोल्ट गंजले आहेत का, ते पाहावे.

डीपी: सर्वांची, म्हणून कुणाचीच नाही

डीपीवरचे अरेस्टर तुटलेले, किंवा त्यांची खालची तार निघालेली अनेक ठिकाणी आढळते. लाइन चालू असते, म्हणून कुणी बघत नाही. उन्हाळ्यात एकदा लांबूनच निरीक्षण करावे: तिन्ही अरेस्टर आहेत का? त्यांची वरची जोडणी लाइनला आणि खालची जमिनीत गेली आहे का? चिनी माती फुटली आहे का? दोष दिसल्यास डीपीवरील सर्व शेतकऱ्यांनी सह्या करून महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि १९१२ या क्रमांकावरही तक्रार नोंदवावी. डीपीला स्वतः हात लावू नये. अर्थिंगची तार चोरीला जाऊ नये म्हणूनही सर्वांनीच लक्ष ठेवावे.

वादळ येताना

मेन स्विच पाडणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, पण तो वेळेवर हवा. ढग दूर असतानाच स्विच पाडावा. जवळच्या मोठ्या विजेची लाट स्विचमधील काही मिलिमीटरची फट ओलांडते, परंतु दूरच्या विजांपासून संरक्षण मिळते. विजा डोक्यावर आल्यावर मात्र स्विच पाडायला धावू नये. मोटार पुन्हा भरता येते, माणूस आणता येत नाही.

देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात आणि त्यांत शेतात काम करणारे फार मोठ्या संख्येने असतात. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम थांबवून पक्क्या घरात जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल ॲप २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजांची सूचना देते, ते घरातील मुलांकडून भरून घ्यावे.

झाडाखाली थांबू नये आणि गुरेही बांधू नयेत. मध्यम जमिनीत ३० हजार अँपिअरची वीज झाडावर पडली, तर दहा मीटर अंतरावर जमिनीच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे पावणेपाच हजार व्होल्टचा फरक पडतो. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय दीड मीटर अंतरावर असतात. तो सारा फरक त्याच्या छातीतून जातो. म्हणूनच झाडाखालची जनावरे एकाच वेळी दगावतात. तारेचे कुंपण, खांबाची ताणाची तार आणि उघडा ट्रॅक्टर यांपासूनही दूर राहावे. उघड्या वावरात अडकलात आणि दुसरा इलाजच नसेल, तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला शिवण्यास भिऊ नये. श्वास किंवा हृदय थांबले असल्यास लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे आणि १०८ ला बोलवावे. दुर्दैवाने मृत्यू झाल्यास शवविच्छेदन आणि पंचनामा टाळू नये, कारण वारसांना शासनाची ४ लाख रुपयांची मदत त्याच कागदांवर मिळते. जनावर दगावल्यासही तलाठ्याला तत्काळ कळवावे. सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे कृषी पंपसंचाचा विमा मिळतो, त्यात वीज पडण्याचा धोका आहे याची खात्री करून तो घ्यावा.

बंधू-भगिनींनो, बियाणे आणि खताची तजवीज आपण मे महिन्यातच करतो. त्याच यादीत चार कामे जोडा: अर्थिंगला पाणी, जोडणीची तपासणी, पॅनेलमध्ये सर्ज प्रोटेक्टर आणि डीपीबाबतचा सह्यांचा अर्ज. वीज कुठे पडावी हे आपल्या हाती नाही. ती जमिनीत कोणत्या वाटेने उतरावी हे मात्र बरेचसे आपल्या हाती आहे.